चिंधीचे दोन दिवस

विमलताई आमच्या शेतात आल्या की पाणीसुद्धा न पिता आधी पिशवीतून चिंध्या काढायच्या. टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावाला त्या कृषी सहायक होत्या. भाजीवर औषध मारलं की बाटलीवर लिहिलेले, औषध उतरायला लागणारे दिवस मोठ्यानं वाचायच्या, वाफ्याच्या कडेला काठी रोवून तिला चिंधी बांधायच्या आणि बजावायच्या, "दिस भरोस्तर ही सोडायची न्हाई अन् तोडाबी करायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

चिंध्या त्यांच्याच जुन्या साड्यांच्या असत. "ही पोराच्या बारशातली," असं आमच्या बायका बांधावरूनच ओळखायच्या. एकदा मी थट्टेनं म्हणालो, "ताई, अशानं साड्या संपतील तुमच्या." त्या म्हणाल्या, "संपू द्या की भाऊ. नवी घ्यायला बहाना मिळंल."

एका उन्हाळ्यात काकडी ऐन भरात होती. दिवस भरायला दोनच बाकी होते आणि जालन्याचा व्यापारी टेम्पो घेऊन बांधावर उभा. मी चिंधी सोडली, खिशात कोंबली, माल भरून दिला. परतताना वाटेत ताई भेटल्या. खिशातून चिंधीचं टोक लोंबत होतं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

"दोन दिस बाकी हायेत, भाऊ."

"टेम्पो गेला, ताई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "ती काकडी कोणाच्या लेकराच्या पोटात जाणार, तुम्हालाबी कळणार न्हाई अन् मलाबी न्हाई. म्हणूनच तर बांधून राह्यले ना मी." चिंधी माझ्या खिशातून ओढून घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली.

त्यानंतर त्या यायच्या, चहा घ्यायच्या, पोरांची चौकशी करायच्या. पण मला पुन्हा चिंधी दिली नाही. मी माझ्या उपरण्याच्या पट्ट्या फाडून बांधायचो, दिवस इमानदारीनं पाळायचो. त्या बघायच्या आणि पुढं जायच्या. मला ते फार लागलं होतं.

निवृत्तीनंतर त्या जुन्या जालन्यात मुलाकडे राहायला गेल्या. आजार मोठा निघाला, असं कळलं तेव्हा मी काकड्या घेऊन भेटायला गेलो. पलंगावर ताई निम्म्याही उरल्या नव्हत्या. सून म्हणाली, "त्यांना कच्चं काहीच द्यायचं न्हाई म्हणले डॉक्टर."

ताईंनी काकडी हातात घेतली, वास घेतला. "चिंधी कव्हा सोडली?"

"दिस भरल्यावर, ताई. बराबर मोजून."

"मंग धुवून खा माझ्यासमोर. मी बघते."

मी खाल्ली. त्या टक लावून बघत होत्या.

पंधरवड्यानं त्या गेल्या. दिवसकार्याला गेलो तेव्हा सुनेनं एक गाठोडं हातात दिलं. आत सारख्या मापात फाडलेल्या हिरव्या साडीच्या पट्ट्या होत्या. "तुम्ही येऊन गेल्यावर बसल्या बसल्या फाडल्या. काकडीवाल्या भाऊला द्या म्हणल्या." मी तिथंच भिंतीला टेकून रडलो.

यंदा औषध मारल्यावर त्यातलीच एक बांधली. दिवस भरले. बायको पाटी घेऊन वाफ्यात उभी राहिली. "अवो, दिस भरले ना? सोडा की आता."

चिंधीच्या गाठीवर हात ठेवून मी म्हणालो, "अजून दोन दिस राहू दे."