मानेवर चिनी उतारा, अस्करच्या वाऱ्यात

लोक बहरीनला सोनं आणायला जात. मी नवऱ्याची मान सरळ करायला गेले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. दिवसभर उंच केबिनमधून खाली वाकून बघायचं. त्यात मानेचे मणके झिजले. मागे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागे. डॉक्टरांनी पट्टा, गोळ्या आणि सिक लीव्ह दिली. पण मान वळली नाही तर क्रेन बंद, म्हणजे नोकरी संपली आणि परत कुडाळ. मी व्हिजिट व्हिसावर विमानात बसले.

यांच्या खोलीशेजारची फिलोमिना वसईची, तिथल्याच इस्पितळात नर्स. ती म्हणाली, “मनामा शहरात बाजारामागे एक चिनी वैद्य आहे. दाखवून बघा. पण गोळ्या बंद करायच्या नाहीत हां.”

तिला घेऊन शेअर टॅक्सीने गेलो. मान दुखत असेल तर पुढची सीट धरा, मागे फार कोंबतात. बाजारात गरम खुब्स रोटी आणि टिक्का खाल्ला आणि वैद्याचा जिना चढलो.

म्हाताऱ्याने नाडी धरली, जीभ बघितली, पुड्या बांधल्या. मी एक उघडली. दालचिनी, ज्येष्ठमध, आलं आणि कसलंसं पांढरं पिठूळ मूळ.

“हेच मी घरी उकळून देते तर पीत नाही तुम्ही.”

“तुझ्या पुडीवर चिनी अक्षरं नसतात,” हे म्हणाले.

निघताना वैद्य मोडक्या इंग्रजीत काही बोलला. फिलोमिना हसू दाबत म्हणाली, “रोज संध्याकाळी पतंग उडवायला सांगतोय. खाली बघून मान बिघडली, आता वर बघा म्हणे.”

काढा उकळला तसा वास जिनाभर पसरला. समोरचा पठाण गटार तुंबलं का म्हणून विचारून गेला. एक घोट घेऊन हे म्हणाले, “ह्यो काढो नाय गो, डांबर आसा.” तरी पीत राहिले.

पतंग मी केला. वर्तमानपत्र, केरसुणीचे हीर, शिताची खळ. अस्करच्या किनाऱ्यावर वारा भरपूर, फुकट. पहिले काही दिवस हे लाजून इकडेतिकडे बघत, मग चक्क पेच लावायला दुसरा पतंग मागू लागले.

आणि एका संध्याकाळी मागे पिकअप थांबली. यांचे बहरीनी सुपरवायझर, अबू जासिम.

“सिक लीव्ह?” त्यांनी शांतपणे विचारलं.

यांनी दचकून मागे बघितलं. खांदे होते तिथेच, नुसती मान वळली. ते मी पाहिलं. अबू जासिमनीही पाहिलं.

“गर्दन ठीक. लीव्ह खलास. कल ड्यूटी.”

मग त्यांनी दोरी मागून घेतली आणि मावळतीची, मगरिबची बांग होईपर्यंत परत दिली नाही.

गुण काढ्याचा, गोळ्यांचा, पतंगाचा की नुसत्या विश्रांतीचा, ते फिलोमिनालाही सांगता आलं नाही. थंडीत मान अजूनही कुरकुरते, म्हणून तुम्ही आधी डॉक्टरच गाठा.

कुडाळला परतल्यावर बायका विचारत, बहरीनला काय काय पाहिलंस? किल्ला राहिला, मोत्यांचा बाजार राहिला. लग्न झाल्यापासून नवरा वर्षातून एकदा पाहुण्यासारखा यायचा. तो रोज संध्याकाळी माझ्या शेजारी रिकामा उभा असलेला मी तिथे पाहिला. मणके झिजले ते एका परीने बरंच झालं. ही गोष्ट मात्र मी यांच्यासमोर अजून बोललेली नाही.