ऊठ गं, ऊठ

हॉलच्या मागच्या रांगेतून "ऊठ गं, ऊठ!" असं ओरडलो तो मी. चूक माझीच, ते आधी सांगून टाकतो.

ही आरोळी आमच्या घरातली. रविवारी दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक कराटेचा पिक्चर वरचेवर लागतो. बारक्या पोराला दांडगी पोरं बडवतात, त्याला एक खडूस गुरुजी भेटतात आणि शेवटच्या लढतीत तो आडवा होतो. तिथे मी आणि माझी मुलगी ताटं बाजूला सारून ओरडायचो, "ऊठ रे, ऊठ!"

बायको म्हणायची, "अहो, तुम्ही नाही ओरडलात तरी उठेल तो. त्याला पाठ झालंय आता."

पण मजा त्यातच होती. बाहेर उद्याचं काही सांगता यायचं नाही. इथे तो उठणार हे नक्की असायचं.

त्या पिक्चरपायीच मुलगी कराटेला जायला लागली. आठवीत असताना मुलुंडच्या एका शाळेत तिची स्पर्धा होती. दुसऱ्या लढतीत समोरच्या मुलीची लाथ कानावर बसली आणि आमची पोरगी कोसळली. हात टेकून तिने वर पाहिलं. तिचे सर "बसून राहा" अशी खूण करत होते. मी ओरडलो. ती उठली, पंचांनी विचारल्यावर मानही डोलावली. पुढची लाथ तिला दिसलीच नाही.

रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. "बाबा, मी जिंकले का?"

"नाही बाळा. पण मस्त खेळलीस."

"बरं." थोड्या वेळाने पुन्हा, "बाबा, मी जिंकले का?" त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारावं तसं. मग परत. पिक्चरमध्ये पुढे काय होणार ते मला ठाऊक असायचं, इथे काहीच ठाऊक नव्हतं. ही आता जन्मभर एवढंच विचारत राहिली तर? तेवढ्यात तिला ओकारी झाली.

स्कॅनच्या खोलीबाहेर बायको धावत आली. "काय झालं नक्की?"

"पडली," मी म्हणालो. माझ्या ओरडण्याचं गाळलं.

स्कॅन साफ निघाला. हळूहळू तिला सगळं आठवलं, लढत सोडून. डॉक्टर म्हणाले, तेवढं बहुतेक आठवणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच भीती वाटली.

मैत्रिणीला ती फोनवर सांगत होती, "अगं, मी पडले ना, तरी उठले! सरच सांगत होते, त्यांनी बस म्हटलं तरी! माझी मी! एकदम पिक्चरसारखं, झकास!" मी शेजारी लसूण सोलत होतो.

मग एका रविवारी तो पिक्चर पुन्हा लागला. पोरगा आडवा झाला. ती ओरडली. मी रिमोट हातात घेतला.

"बाबा, ओरड ना!"

मी टीव्हीचा आवाज बंद केला. "त्या दिवशीही मीच ओरडलो होतो. सर तुला बस म्हणत होते आणि मी ऊठ म्हणालो. तुझी तू उठली नव्हतीस. माझ्यामुळे उठलीस, म्हणून दुसरी लाथ बसली."

स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

"आईलाही मी नुसतं 'पडली' म्हणालो. फार घाबरलो होतो गं, अजूनही घाबरतो. माझं चुकलं. तुम्ही दोघी मला माफ करा."