सावळीराम कंडक्टरचा रुमाल

नाशिक-कळवण गाडीवर सावळीराम कंडक्टरनं उभी हयात घालवली, पण गाडी कधी कुणासाठी थांबवली नाही. सख्ख्या सासऱ्यासाठीही नाही, आणि ते त्याची बायको चांगुणा अजून बोलून दाखवते. एका बाबतीत मात्र तो हळवा होता. बारावीनंतर तो गावाहून नाशिकच्या कॉलेजात आला, तेव्हा फळ्यावर लिहिलं होतं, 'जागा भरल्या.' तो मुकाट परतला. पुढच्याच आठवड्यात काही पोरांनी नावं काढून घेतली, जागा रिकाम्या झाल्या, पण हे गावात बसलेल्या सावळीरामला सांगणार कोण? कळलं तेव्हा वर्ष वाया गेलं होतं.

त्याची मुलगी तेजल आता नाशकातच कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आणि वर्गातल्या कुंदननं मोबाइलसाठी एक अ‍ॅप बनवलं, नाव ठेवलं 'जागा आहे'. कॉलेजांच्या वेबसाइटवर शिल्लक जागांचा आकडा हलला, की नंबर नोंदवलेल्या सगळ्यांना लगेच मेसेज. सावळीराम फोन हातात धरून बघतच राहिला.

"म्हणजे कळवणच्या पोरालाही कळणार? तिथं कुणी उभं न राहता?"

"हो पप्पा."

परवापर्यंत वेणी घालून घ्यायला आईमागे फिरणारी ही पोर!

मग काय, तिकिटाबरोबर तो अ‍ॅपचीही जाहिरात करू लागला. कळवण स्टँडवर पेरू विकणाऱ्या भागुबाईची स्नेहल बी.एस्सी.ला थोडक्यात हुकली होती. त्यानं स्वतः भागुबाईचा नंबर नोंदवून दिला आणि समजावलं, "खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना आपण, तसंच हे." भागुबाईला ते झटकन पटलं.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारची गाडी कळवणहून सुटायच्या बेतात होती. सावळीरामनं हौसेनं आपलाही नंबर नोंदवला होता, तो फोन खिशात वाजला. बी.एस्सी., एक जागा. पाचपर्यंत जे हजर असतील त्यांच्यातून मार्कांवर देणार. तो धावत पेरूच्या पाटीशी गेला. भागुबाई निवांत पेरू पुसत होती.

"आला मला बी मेसेज. परवा येतो आम्ही, कंडक्टर."

"परवा? अहो, आज पाचला बंद!"

"असं कसं? रुमाल टाकेल हाये ना आपला?"

तिची काय चूक? एसटीत रुमालाला मान असतो. लोक भांडतात, पण तो उचलून कुणी बसत नाही. या नोंदीला तसला मान नव्हता, आणि नेमकं तेच सांगायचं सावळीरामकडून राहून गेलं होतं.

"भागुबाई, माझंच चुकलं. ही नुसती हाक आहे. पोरीला बोलवा, कागदपत्रं घेऊन!"

गाडीची वेळ झाली. ड्रायव्हर झिपरूनं इंजिन सुरू केलं. सावळीराम दारात उभा, हात दोरीवर, पण घंटी काही वाजेना.

"काय राव, सासरे यायचेत का?" झिपरू ओरडला.

प्रवासीही कुरकुरू लागले. तेव्हा सावळीरामनं सगळं सांगून टाकलं, अगदी त्या फळ्यापासून.

"थांबू द्या हो," मागून एक म्हातारा म्हणाला, "आपलं काय अडलंय नाशकात!"

स्नेहल धापा टाकत आली, फाइल छातीशी धरून. डबल बेल वाजली. वणी गेलं, दिंडोरी गेली, आणि एरवी डुलत चालवणाऱ्या झिपरूनं त्या दिवशी गाडी अशी हाणली की कुणी तक्रार करायला तोंड उघडलं नाही. सावळीरामनं वाटेतूनच फोन केला होता, त्यामुळे नाशिकच्या स्टँडवर तेजल स्कूटी चालू ठेवूनच उभी होती. दोघी गर्दीत दिसेनाशा झाल्या.

सावळीराम फलाटावरच्या बाकावर बसून राहिला. पाच वाजून गेले आणि फोन वाजला. 'बी.एस्सी.: जागा भरल्या.'

भरल्या खऱ्या, पण कुणी? तेवढ्यात तेजलचा फोन आला आणि त्यावर स्नेहलचा आवाज.

"काका, मिळाली मला!"

तरुणपणी ज्या दोन शब्दांनी त्याला घरी धाडलं होतं, ते तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. डोळे भरून आले. बुद्धविहारात बसल्यावर व्हायचं तसं त्याचं मन निवांत झालं. हे आपल्या लेकीनं केलं, एवढंच त्याला राहून राहून वाटत होतं.

मग भागुबाईचा फोन आला.

"म्या सांगत व्हते ना कंडक्टर, रुमाल टाकेल हाये! उगा पळवलं पोरीला."

"खरंय, भागुबाई," सावळीराम डोळे पुसत म्हणाला.