घासलेली भांडी

शेजारच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या फख्रीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते ईदच्या दुपारी तो बायकोवर ओरडला तेव्हा.

त्याची बायको रस्मिया इस्रायलनं बांधलेल्या सरहद्दीच्या भिंतीपलीकडच्या पॅलेस्टिनी गावची. जेरुसलेममध्ये राहायची तिला परवानगी नाही. सणाला दिवसभराचा परवाना मिळे. फख्री तिकडे राहायला गेला, तर या जन्मगावात राहायचा त्याचा हक्क जाणार. तो इथेच राहतो ना, हे तपासायला अधिकारी केव्हाही खोलीत येत.

रस्मियानं आल्या आल्या सगळी भांडी घासून फळीवर मांडली होती.

"अगं, काय केलंस हे! अधिकारी म्हणतील, इथे कुणी राहतच नाही."

"मग घाण ठेवू? शेजारचे मास्तर काय म्हणतील?"

"मास्तरांची खोली बघ एकदा!"

मास्तर म्हणजे मी. ती हसली. दोघांनी कॉफी घेतली. निघताना ती म्हणाली, "घ्या, हे दोन उष्टे कप राहू देत तसेच."

"तुझा नको," फख्री हळूच म्हणाला. "विचारतील, रात्री कोण राहिलं होतं?"

तिनं आपला कप धुऊन पिशवीत टाकला.

फख्री आता सत्तरीचा आहे. दर शुक्रवारी तो तिच्याकडे जेवतो आणि झोपायला एकटाच इथे परत येतो.