खुराड्यावरची गोधडी

थंडी पडली की मला आमच्या परसातल्या कोंबड्यांचा हेवा वाटू लागतो. दिवस कलला की आमची ही खुराड्यात पेंढा अंथरते, फटींना गोणपाट लावते आणि एकेकीला विचारते, "पोट भरलं का गं बाई?" मी ओसरीवरून मुद्दाम मोठ्यानं शिंकतो.

"जरा तिकडं तोंड करा," ती म्हणते, "त्यांना बाधेल."

काल तर तिनं आपल्या जुन्या सुती साड्यांची गोधडीच खुराड्यावर टाकली. माझा त्या गोधडीवर कधीपासून डोळा होता.

"आणि मी काय पांघरू?"

"त्यांना बोलता येत नाही हो. तुम्हाला येतं. कधी म्हणालात का, थंडी वाजते म्हणून?"

मी खुराड्यात वाकून पाहिलं. कोणी कोणाला न विचारता सगळ्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. माणूस मात्र पन्नाशीला आला की ऊब मागायला लाजतो आणि नुसता शिंकत बसतो.

"थंडी वाजते गं," मी म्हणालो.

ती हसली आणि शेजारी येऊन माझे हात आपल्या हातांत घेऊन चोळू लागली. तिच्या हातांना खुराड्याचा वास येत होता. मी नाक मुरडलं नाही.