आधी आवाज, मग साळवी

विनायक साळवीला एका आर्किटेक्चर कॉलेजने फसवलं. लेखी परीक्षेत तो वर होता, ड्रॉइंगच्या परीक्षेत वर होता, सीट त्याची होती, आणि त्याचा चेहरा बघून ती दुसऱ्याला दिली. या गोष्टीला चाळीसेक वर्षं होऊन गेली. आता साळवीही गेला. पण मी धंदेवाला माणूस आहे. फसवणूक जुनी झाली म्हणून मिटत नाही, एवढं मला कळतं.

तो गेल्याचा फोन त्याच्याच नंबरवरून आला. शारजात रोल्ला भागात माझं नळ-फिटिंगचं दुकान आहे. सकाळी माल आला होता, मी खोके उघडून बघत होतो. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि मी नेहमीसारखी सुरुवात केली, "बोला साळवी, आज किती चढवलंत कंटेनरचं भाडं?" पलीकडून त्याच्या मुलीचा, रेवाचा आवाज आला. "काका... बाबा इज नो मोर." पहाटे छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या नंबरवरून दुसऱ्या कुणाचा आवाज येऊ शकतो, हेच मला बराच वेळ पटत नव्हतं.

कारण साळवी मला आधी आवाज म्हणूनच भेटला. दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका मालवाहतूक कंपनीत तो होता, कंटेनरचे दर फोनवरून ठरवायचं त्याचं काम. मी संगमेश्वरहून दहावी होऊन इथे आलो, दुसऱ्याच्या दुकानात पाइप उचलले, मग स्वतःचं दुकान टाकलं. घासाघीस केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. पहिल्या फोनवर मी त्याच्याशी हिंदीत तावातावाने भांडत होतो आणि मधेच शेजारी बसलेल्या बायकोला मराठीत म्हणालो, "लबाड दिसतोय, पण शंभर दिरहम सोडेल." पलीकडून अगदी शांतपणे उत्तर आलं, "शंभर नाही हो शेठ, पन्नास सोडतो. रुपयांत मोजा, जास्त वाटतील." बायको हसत सुटली. त्यानंतर वर्षभर आम्ही फोनवरच भांडलो. त्याचं मराठी स्वच्छ, चिपळूणच्या हेलाचं, ऐकत राहावं असं. गोरा, चष्मेवाला, कपाळावर गंध लावणारा कुणीतरी असणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

मग एक दिवस दुकानाच्या जिन्यावरून हाक आली, "राणेशेठ आहेत का? साळवी आलोय हो, चिपळूणचा." माझं ऑफिस वर माळ्यावर आहे, जिना अरुंद. आवाज वर पोचला आणि मग सावकाश माणूस आला. उंच, काळाभोर, डोक्यावर दाट कुरळे केस. रस्त्यात भेटला असता तर मी सुदानी समजून अरबीत सलाम केला असता. पण आवाज आधी येऊन बसला होता. मी म्हणालो, "बसा. चहा घ्या. आणि ते पन्नास अजून बिलातून गेलेले नाहीत." तो खुर्चीत बसला आणि मोठ्याने हसला. इतकं हसण्यासारखं मी काय बोललो होतो, ते मला फार उशिरा कळलं.

त्याचे आजोबा झांजिबारला गोदीत कारकून होते. तिथलीच बायको केली आणि तिला घेऊन चिपळूणला परतले. आजी फणसाची भाजी करायची, गावच्या बायकांशी गावच्या भाषेत भांडायची. बाकीची नातवंडं आईवर, बापावर गेली, साळवी आजीवर गेला. बस, एवढंच.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की साळवी कुठेच नुसता जात नाही. कुणाच्या घरी जायचं तर लिफ्टमधून बाहेर पडल्यापासून मोठ्याने बोलायला लागतो. दाराची बेल वाजवण्याआधी "वहिनी, चहा टाका" अशी हाक. नव्या माणसाला भेटायचं तर आधी फोन, भरपूर गप्पा, मग भेट. मी चिडवायचो, "तुमच्या आधी तुमचा लाउडस्पीकर पोचतो." तो म्हणायचा, "पोचलेला बरा." एकदा गणपतीच्या आरतीला आम्ही सगळे हॉलवर गेलो. गाडी लावायला मला वेळ लागला आणि साळवी एकटाच पुढे झाला. दारावर झब्बा घातलेला आपलाच एक मुलगा उभा होता. तो अदबीने म्हणाला, "सर, धिस इज अ प्रायव्हेट फंक्शन." मी मागून पोचलो आणि त्या मुलाचा पाणउतारा करायला तोंड उघडलं, तर साळवीने माझं मनगट धरलं. "शेठ, राहू द्या. मीच आवाज द्यायला उशीर केला." आणि त्या मुलाला विचारलं, "सुखकर्ता झालं का रे?" पोरगं खाली बघायला लागलं. साळवीने आत जाऊन टाळ्या वाजवून सगळी आरती म्हटली. माझं डोकं मात्र आठवडाभर तापलेलं होतं.

कॉलेजची गोष्ट त्याने एकदाच सांगितली. अल ऐनला माझं एक गिऱ्हाईक होतं, सुट्टीचा दिवस होता, साळवी सोबत आला. तो रस्ता सरळसोट, दोन्हीकडे वाळू, माणूस आपोआप बोलायला लागतो. मी आरतीचा विषय पुन्हा काढला आणि तो समोर बघत सांगत गेला... लेखी झाली, यादीत नाव वर लागलं, मुलाखतीला बोलावलं. वडील कोट घालून बरोबर आले, बाहेर बाकावर बसले. आत तिघं होते. हा आत गेला, नमस्कार करायला हात जोडतोय तोवर मधला म्हणाला, "येस, विच कंट्री?" हा म्हणाला, "चिपळूण, सर." तिघं हसले, मग रागावले. त्यांना वाटलं पोरगा टिंगल करतोय. परदेशी विद्यार्थ्यांचा कोटा वेगळा, फी वेगळी, तिकडे अर्ज कर, म्हणाले. त्याने शाळेचा दाखला पुढे केला, डोमिसाइल पुढे केलं. एकाने ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाला, हे कुणालाही मिळतं. वडील आत आले, हात जोडून उभे राहिले. त्यांना आधी "तुम्ही याचे कोण?" असं विचारलं. शेवटच्या यादीत साळवीचं नाव नव्हतं. शेरा होता, मुलाखत असमाधानकारक. त्याच्या खालच्या नंबरच्या मुलाला सीट मिळाली.

"वडील परत जाताना एकच वाक्य बोलले," साळवी म्हणाला. "त्यांनी तुला बघायच्या आधी तू बोलायला हवं होतंस."

मी स्टिअरिंगवर हात आपटला. म्हणालो, तुमचं काय चुकलं, सौदाच खोटा होता. तो म्हणाला, "असेल. पण शेठ, तेव्हापासून मी आधी बोलतो. चालतंय की."

रेवा इथेच जन्मली, शारजातच वाढली. ती बापावर गेली, म्हणजे पणजीवर. आणि हट्टाने तिला आर्किटेक्चरच करायचं होतं, तेही भारतात. गेल्या वर्षी एका संस्थेची लेखी परीक्षा ती पास झाली, मुलाखत व्हिडिओवर होती. साळवी महिनाभर तिला घोटवत होता. कॅमेरा बंद ठेवायचा, आधी बोलायचं, "नमस्कार, मी रेवा विनायक साळवी, मूळ गाव चिपळूण", ओळख झाली की मगच कॅमेरा लावायचा. मी त्यांच्या घरी बसलो होतो. रेवा म्हणाली, "बाबा, दॅट्स सो वियर्ड. काका, टेल हिम ना." साळवीच्या बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "साळवी, पोरीला तिच्या पद्धतीने जाऊ द्या." तो म्हणाला, "शेठ, भाड्याचं तुम्ही बोला. यातलं मला कळतं." त्याचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. शेवटी बापाने सांगितलं तसंच पोरीने केलं.

मुलाखत घेणाऱ्यांनी दोनदा कॅमेरा लावायला सांगितलं. ती पाठ केलेलं संपवत राहिली. कॅमेरा लागला तोवर त्यांचा ग्रह झाला होता की शेजारी बसून कुणीतरी तिला सांगतंय, किंवा बोलणारी दुसरीच कुणी आहे. ओळख पटली नाही म्हणून मुलाखत रद्द. साळवीने फोन केला, तर त्याच्याशी सगळे गोड बोलले, त्याच्याशी फोनवर सगळे गोडच बोलायचे, पण दुसरी संधी नाही. मग मी फोन केला. मी ओरडलो, विनवलं, पोरीला विमानात घालून समोर आणून बसवतो म्हणालो. "सर, रूल इज रूल." आयुष्यात मला कुणाकडून काहीच सोडवून घेता आलं नाही, अशी ती एकच वेळ.

रेवा बापाला एवढंच म्हणाली, "आय हॅड नथिंग टू हाइड, बाबा." त्यानंतर साळवी माझ्या दुकानात यायचा, पण जिन्यावर आवाज यायचा नाही. मान वर करावी तर तो दारात उभा. मी विचारायचो, "काय हो, लाउडस्पीकर बिघडला?" तो हसायचा, पण हसण्यापुरतं. चहा घ्यायचा, जायचा.

शवागारात ओळख पटवायला मी गेलो. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट बघितला, मग साळवीचा चेहरा बघितला, मग परत पासपोर्ट. बिचारा आपलं काम करत होता. मला हिंदीत म्हणाला, "यही है? पक्का? इंडियन?" मी म्हणालो, "पक्का. चिपळूण का." त्याला चिपळूण काय कळणार... जिथे चेहरा आधी पोचला आणि मागून आवाज आलाच नाही, अशी साळवीची ती पहिलीच जागा. म्हणून मी बोललो. नको तितकं मोठ्याने बोललो.

नळ गळायला लागला की गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं. मी वॉशर बघतो, आटे बघतो, मागे मागे जात जिथे ओतकामात चीर राहिली तिथपर्यंत पोचतो आणि भरपाई ज्याने नळ ओतला त्याच्याकडून घेतो. इथेही मी तसाच मागे जातोय. मुलाखत रद्द करणारे त्यांच्या नियमाने बरोबर. पोरीने बापाचं ऐकलं, ती बरोबर. बाप भाजलेला होता, तोही बरोबर. सगळे बरोबर आणि तरी दुसरी सीट गेली. चीर चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या त्या खोलीत पडली, त्या टेबलामागे.

परवा दुपारी मी हिशेबात डोकं घालून बसलो होतो. कान सवयीने जिन्याकडे असतो, अजून असतो. काही ऐकू आलं नाही. वर बघितलं तर दारात रेवा, बापाचा चेहरा घेऊन, काही न बोलता उभी. बसली, पाणी प्यायली. म्हणाली, "काका, आय ॲम अप्लाइंग अगेन. कॅमेरा ऑन, फ्रॉम द स्टार्ट." मग मोडक्या मराठीत, "आणि तुम्ही कोणाला ओरडायचं नाही." मी बरं म्हणालो. तिच्यासमोर मी ओरडणार नाही.

पण हे पेपरात छापून येणार आहे, म्हणून इथे विचारतो. त्या तिघांपैकी कुणीतरी जिवंत असेल. पेन्शन घेत असेल, सकाळी हाच पेपर वाचत असेल. चिपळूणच्या मुलाला देश विचारणारे तुम्हीच. दाखला उजेडात धरणारे तुम्हीच. साळवीला उत्तर मिळालं नाही, ते त्याच्या मुलीला द्या. फोन करू नका, फोनवर सगळेच गोड बोलतात. रोल्लाला माझ्या दुकानात या, मी तिला बोलावून घेतो. आणि जिना चढताना आवाज देऊ नका. आम्हाला तुमचे चेहरे आधी बघायचे आहेत.