तात्यांचा पाय आन माझा लॉकअप

महेशनं गाडीची चावी माझ्या टेबलावर ठिवली. म्हणला, "मिस्त्री, गिऱ्हाईक बघा. तात्या आता गाडी चालवनार न्हाईत."

त्याचं वडील, तात्या, भायेर बाकड्यावर बसलं हुतं. काटेवाडीचं बागायतदार. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, क्लच दाबवत न्हाय, म्हणून ही ऑटोमॅटिक घेतलेली. हिच्यावरच ते इंदापूरला लेकीकडं जायचं. कुणाला 'सोड रं' म्हणायला लागत न्हवतं.

"गाडी हिसकं देतीय," महेश म्हणला. "तुमीच फोनवर म्हणला, तात्यांचा पाय एक्सिलेटरवर थरथरतोय."

म्हणलो हुतो. गाडी न बघता म्हणलो हुतो.

झालं असं. तात्या माझ्या गॅरेजात नुसतं ऑईल बदलायला आलं हुतं. शाळा म्या सोडली का शाळेनं मला, ह्याच्यावर घरात अजून वाद हाय. पर लॅपटॉप हाय माझ्याकडं. म्हणलो, "तात्या, लॉकअप सेट करून देतो, मायलेज वाढंल." त्यांनी मागितलं न्हवतं.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आन गिअरबॉक्सच्या मधी तेलात दोन पंखं असत्यात, समोरासमोर. एक इंजिन फिरवतंय, त्याच्या तेलाच्या जोरानं दुसरा फिरतोय. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणत्यात. तेलात जरा घसरतंय, तेवढं पेट्रोल वाया. म्हणून गाडीनं स्पीड धरला की एक क्लच दोन्ही पंखं जोडून टाकतोय. त्यो लॉकअप. कुठल्या स्पीडला धरायचं आन कुठल्या स्पीडला सोडायचं, ते गाडीच्या कॉम्प्युटरात असतंय. म्या चाळीसला धर, अडतीसला सोड, असं करून ठिवलं. मोकळ्या बायपासला टेस्ट घेतली. गाडी लोण्यासारखी पळाली.

म्हणून महेशला म्हणलो, "चला, मी चालवून दावतो. पाय कुणाचा हाय ते कळंल."

तात्या माझ्या शेजारी, महेश मागं. इंदापूर रोडला लागलो. कारखानं चालू. पुढं उसाची ट्रॉली, तिच्या पुढं आजून एक. समोरनं रिकाम्या ट्रॉल्या. ओव्हरटेक न्हाय.

चाळीस. हिसका. ट्रॉली चढाला मंदावली, अडतीस. हिसका. परत चाळीस.

माझी मुंडी हालायला लागली.

तात्या म्हणलं, "व्हय म्हणतोयस का न्हाय?"

मागनं महेश म्हणला, "मिस्त्री, गुडघ्याचं ऑपरेशन तुमचंबी झालंय का?"

गाडी कडंला घेतली. कंपनीची जुनी सेटिंग लॅपटॉपात हुती. पंचावन्नला धर, पंचेचाळीसला सोड. मधी एवढं अंतर कशाला, असं मला वाटलं हुतं. कंपनीतल्या माणसानं ट्रॉली बघितली असणार. तीच सेटिंग परत टाकली.

येताना तात्यांनी चालवली. परत ट्रॉलीच्या मागंच. एक हिसका न्हाय. गॅरेजात उतरल्यावर तात्यांनी चावी काढली आन सदऱ्याच्या खिशात टाकली. महेशनं ती मागितली न्हाय.

"आता मायलेज किती वाढंल?" तात्यांनी इचारलं.

"पयल्याएवढंच हाय."

"मग तू केलंस काय?"

"ऑईल बदललं, तात्या."

तवापासनं बायपासला टेस्ट घेत न्हाय. ट्रॉली गावंपर्यंत थांबतो.